कोमट पाणी

नोव्हेंबरात मुरारच्या माजी सैनिक क्लबात
सकाळी सातला पहिला मीच असतो.
माझ्याकडे किल्ली आहे, हुद्दा नाही.
कुलूप थंडीनं आखडलेलं;
फुंकर घालून, मग दोन शिव्या घालून उघडतो.
आत कालच्या कॅरमची पावडर,
विझल्या शेगडीचा वास,
भिंतीवर पलटणींची मानचिन्हं. त्यांतली निम्मी
मला अजून ओळखता येत नाहीत.

लष्कर नावाच्या पेठेत जन्म गेला,
लष्कराशी नातं तेवढंच.
भरतीच्या दिवशी डोळ्यांनी दगा दिला,
तक्त्यावरची चौथी ओळ
मला आजही धूसरच दिसते.

आधी पाणी ठेवतो. चहाचं नंतर.
हे पातेलं वेगळं,
बोटांचं.

भिंडहून, मुरैन्याहून, गोहदहून
पहिल्या बसनं म्हातारे येतात,
कान मफलरीत, कागद पिशवीत,
सुनेनं बांधून दिलेल्या पुऱ्या कागदांनाच चिकटलेल्या.
वर्षातून एकदा सरकारला सांगावं लागतं
की आपण आहोत.
काचेवर अंगठा टेकायचा.
हिरवा दिवा लागला
की पुढचं वर्ष आपलं.

हवालदार रामसनेही तोमरांचा अंगठा
यंत्रानं तीनदा नाकारला.
आधी बंदूक, मग नांगर, मग म्हशींचे दोर.
रेषा राहणार कुठे?
ते हसले. म्हणाले,
"दुश्मन दूर से पहचान लेता था, बाबूजी,
ये पास से नहीं पहचान रही."
मी त्यांचा हात पातेल्यात धरला.
जड होता. झोपलेल्या मुलाचा असतो तसा.
वाफ चष्म्यावर आली
आणि थोडा वेळ आम्हा दोघांनाही
काहीच दिसलं नाही.
मग पंचानं एकेक बोट टिपलं,
पेरावर थोडं ग्लिसरीन.
हिरवा.

नायब सुभेदार शितोळे दरवर्षी विचारतात,
"तुमच्या घरातलं फौजेत कोण होतं हो?"
कोणी नाही.
"मग?"
मग मी कपबशा विसळायला घेतो.
सेवा हा शब्द अंगाला ढगळ होतो माझ्या,
दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखा.

सांगायचं तर एवढंच आहे.
शहाऐंशी साल, नया बाजारची शाखा, काउंटर तीन.
सुखदेई नावाची शिपायाची विधवा.
नाव लिहायला नुकतीच शिकलेली,
कधी ख सुटायचा, कधी मात्रा उलटी पडायची.
सही जुळेना.
तीनदा परत पाठवली मी तिला, नियमानं.
नियम बरोबर होता. आजही बरोबरच आहे.
गोहदची बस तेव्हा दिवसाला दोनच.
चौथ्यांदा ती आली नाही.
मार्चअखेर होती, मीही विसरलो.
त्या वर्षी मला बढती मिळाली,
घरी श्रीखंड केलं होतं.

आता गोहदचं कोणी आलं
की गावातली जुनी नावं विचारतो,
सहज विचारल्यासारखी.
तीन सुखदेई सांगितल्या आजवर लोकांनी.
एक म्हशी राखायची, एक सुईण होती,
एक अजून आहे, पण तिचा नवरा
रेल्वेत होता.

दुपारी ऊन ओसरीवर येतं.
कोणीतरी गजक फोडतं, तीळ सतरंजीभर होतात.
म्हातारे आपापल्या लढाया एकमेकांना दुरुस्त करून सांगतात.
मी ऐकत नाही असं दाखवत
पाणी पुन्हा गरम करतो.

पाचला पातेलं लिंबाच्या बुडाशी रिकामं करतो.
रजिस्टरात लिहितो:
आज आलेले एकतीस, हयात एकतीस,
चहापत्ती संपली, ग्लिसरीन आणायचं.
खाली माझी सही.
हल्ली हात जरा कापतो.
पान उलटून
कालच्या सहीशेजारी आजची धरून बघतो
आणि दिवा घालवायला उशीर करतो.