झाकल्या मुठीचा सौदा

केंटकीतल्या आमच्या गावी कोर्टासमोर एक बाक आहे.
शनिवारी तिथं खटले नसतात,
म्हातारे असतात,
आणि त्यांच्या बुटांभोवती सीडरच्या लालसर, कुरळ्या ढलप्या.
कुणी काही बनवत नाही.
विचारलं, तर ओव्हा कूम्ब्ज म्हणायचा,
"मोठं लाकूड लहान करतोय."

माझ्या बापाचा चाकू तीन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा.
लांब पातं सफरचंदाला, तंबाखूच्या वडीला,
एकदा फळीच्या फटीतून आईची अंगठी उकरायला.
बोथट नाकाचं सुतळीला आणि खुरांना.
तिसरं आखूड,
ते फक्त गोऱ्ह्यांसाठी.
उकळून घेतलं तरी त्यानं आमच्या घरी
कधी कुणी चीज कापलं नाही.

मोज्यांच्या खणात आणखी त्रेचाळीस होते,
तेलकट फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले.
सांबरशिंगाचे, पिवळ्या मुठीचे,
एक चार पात्यांचा, शेफील्डहून
कुणाच्या तरी पणज्याच्या खिशातून समुद्र ओलांडून आलेला.
महिन्यातून एकदा बाप सगळे उघडायचा
आणि कानाशी धरून मिटायचा.
टक्.
"हा बोलतो."
टप्.
"हा नुसता पुटपुटतो."
आमच्याशी तो स्वतः
आठवड्याला दहाएक वाक्यं बोलत असेल.

बाकावर एक खेळ होता.
दोघांनी मुठी पुढं करायच्या, मुठीत चाकू,
न बघता अदलाबदल.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
उघडली की तीस सेंटांची:
टोक मोडलेलं, स्प्रिंग सैल,
नाहीतर बियाण्याच्या दुकानानं फुकट वाटलेला.
चांगला चाकू कुणी मुठीत घेत नसे.
लिहिलेलं कुठंच नव्हतं,
पण कोर्टातल्या कायद्यापेक्षा ते जास्त पाळलं जाई.

त्या ऑक्टोबरात, तंबाखू कोठारात टांगून झाल्यावर,
बापाचा अंगठा नखाच्या खाचेतून घसरला.
पुन्हा घसरला.
तिसऱ्या वेळी ओव्हा उगाच रस्त्याकडे बघू लागला.
बाप म्हणाला, "काढ मूठ."

बापाच्या हाती आली बिअर कंपनीचं नाव असलेली
एक गंजकी नखं घासायची पट्टी.
ओव्हानं आपली मूठ उघडली
आणि लगेच मिटली.
कुणी हसलं नाही.
"डेल्मर, हे..."
"सौदा म्हणजे सौदा," बाप म्हणाला,
आणि ती पट्टी खिशात टाकून
माझ्या आधी गाडीकडे निघाला.

मार्चमध्ये त्याला पुरलं.
आठवड्यानं ओव्हा माझ्या टायरच्या दुकानात आला.
काउंटरवर तीन पात्यांचा.
"धार त्याचीच आहे. मी फक्त तेल दिलं.
पण चाकू फुकट घ्यायचा नसतो,
मैत्री कापली जाते.
एक सेंट टाक."

गल्ल्याशेजारी सेंटांनी भरलेली बरणी होती,
लोणच्याची, काठोकाठ.
मी म्हटलं, "सुटे नाहीत."
ओव्हानं बरणीकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
"मग पुढच्या शनिवारी," तो म्हणाला.

याला तीन वर्षं झाली.
आता त्याच्या हातात काठी असते,
दाराची घंटी वाजते ती आधी काठीनं.
"सेंट?"
"सुटे नाहीत."
मग तो ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर बसतो,
एक सीडरचा तुकडा स्वतःला, एक मला.
गिऱ्हाईक नसलं तर मी लांब पातं उघडतो,
जे निसण्यावर झिजून झिजून
पहिल्यापेक्षा निम्मं अरुंद झालंय,
आणि मोठं लाकूड लहान करू लागतो.

कधी तो विचारतो, "धरतो का अजून?"
मी कानाशी धरून मिटून दाखवतो.

आखूड पातं आम्ही उघडत नाही.
गोऱ्हे विकून बावीस वर्षं झाली,
तरी काउंटरवर जेवायला बसलो
की मी चाकू पलीकडे सरकवून ठेवतो.