रोहिणीहून फिकी

तेरा वर्षांचा होतो. उत्तरायणाला दोन रात्री उरलेल्या.
वाढदिवसाच्या टोपीतला बटण-सेलचा दिवा
काळ्या पतंगाच्या शेपटीला चिकटवला,
दांडिया बाजारच्या आमच्या अगाशीवरून ढील दिली
आणि फोनवर सगळ्यांना लिहिलं:
आज रात्री सुरसागरावर नवा तारा.
शास्त्रज्ञ चकित. तीनशे वर्षांतून एकदाच. पुढे पाठवा.

पुढे गेलंच.
नऊ वाजता तळ्याच्या कठड्याशी माणूस मावेना.
शंकराच्या मूर्तीच्या जरा डावीकडे, वर,
लुकलुकत होता, माझा.
एका बाईनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.
सेवउसळवाल्याचे पाव संपले.
कोणी आजोबा सांगत होते,
हाच आपण लहानपणी पाहिला होता, राज्य होतं तेव्हा.
मांजा माझ्या बोटात रुतत चालला होता.

कुमुदआत्या धापा टाकत जिना चढून आली.
आधी तारा पाहिला, मग माझी फिरकी.
"वाऱ्यानं हलतोय," म्हणाली.
"उतरव. हळू. सेल फुकट जायला नको."
खालून आवाज आला, गयो! गयो!
आणि कुणाचं तरी मूल रडायला लागलं.

आत्या चौतीस वर्षं काचेच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर.
औषधाची तपकिरी बाटली उजेडासमोर धरायची,
शेजारी नमुन्याचे दोन तुकडे,
एक थोडा गडद, एक थोडा फिका,
आणि सांगायचं, ही कुठे बसते.
"मधोमध कधी लिहू नये.
कंटाळा आला की माणूस मधोमध लिहितो."
निवृत्त झाली तेव्हा चांदीचा पेला मिळाला.
डोळा तसाच उरला, बिनकामाचा.
तो तिनं वर लावला.

त्या रात्री तिनं मला वही दाखवली. धोब्याच्या हिशेबाची, उलट्या बाजूनं:
देवदिवाळी. काक्षी रोहिणीच्या बरोबरीला. चष्मा पुसून परत पाहिलं.
मार्गशीर्ष, गुरुवार. रोहिणीहून फिकी.
धुकं? नाही. राजन्य तसाच आहे.
काल. मृगाच्या शेजारच्या पायाएवढी होत चाललीय.
कुणाला विचारावं?

एका वेधशाळेला पोस्टकार्ड टाकलं होतं.
पत्ता अपुरा, म्हणून परत आलं. ते वहीतच होतं.

"बघ. कोण जास्त?"
मला दोन्ही सारख्याच दिसल्या. तसं म्हणालो.
रागावली नाही. "आठ दिवस बघ."
खाली लोक अजून माझा तारा शोधत होते.
नवा उगवला म्हटलं की गाव जमतं.
जुन्यातला उजेड गेला तर
कुणाची झोप मोडते?

मग पेपरात आलं: तारा फुटणार,
रात्रीचा दिवस होणार, दोन चंद्र दिसणार.
त्या पानावर आत्यानं हरभरा सोलला.

चैत्रात काक्षी पुन्हा उजळली.
पुढे कुठेसं वाचलं, ताऱ्यानं स्वतःच धूळ ओकली होती,
नेमकी आपल्या बाजूला,
पाच-सातशे वर्षांपूर्वी कधीतरी.
तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती.
"म्हणजे माझ्या डोळ्यात खोट नव्हती."

माझा तारा मात्र अजून फिरतोय.
दर जानेवारीत कुणीतरी मलाच पाठवतं,
आता सोबत फोटोही असतो, मी न काढलेला.

आत्याला मोतीबिंदू आलाय. ऑपरेशन ती पुढे ढकलते.
डाव्या डोळ्यानं सगळं आभाळ
कारखान्यातल्या बाटलीसारखं दिसतं म्हणते.
अगाशीवर खुर्ची टाकून, शाल घेऊन बसते,
वही माझ्या हातात.
"हं, सांग. रोहिणी आणि त्या पायामध्ये कुठे?"
मी म्हणतो, मधोम
आणि थांबतो.
परत बघतो.