बरणी क्रमांक एकसष्ट

चोपड्याला समुद्र नाही.
तापी आहे, तीही मे महिन्यात वाळू दाखवत पडलेली,
आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, उत्तरेच्या खिडकीखाली,
बरणी क्रमांक एकसष्ट.

सव्वीस उन्हाळे सुपडूभाऊ तिच्यात स्पिरिट ओततायत.
इथलं ऊन बुचातूनही पितं, म्हणतात.
वाटीभर ओतायचं, कडेनं मेण फिरवायचं,
वर ओला रुमाल.

चिठ्ठी कसरीनं खाल्ली आहे.
उरलंय ते एवढंच: ‘खोल पाणी’, अर्धी तारीख,
आणि ‘खेकडा’, त्यापुढे कुणाचं तरी पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह.
सोमवारी तपासणीची माणसं येणार.
मला नाव हवंय.

ट्रेमध्ये काढते त्याला.
रंग केव्हाच गेला, आता सुकल्या केळीच्या सोपटासारखा.
अंग अंगठ्याएवढं, चिमटे त्याच्या तिप्पट,
दोन लांब बांबू घेऊन कुणी बोळात अडकावं तसे.
पाठीवर आडव्या सऱ्या, सरीसरीला केसांची किनार.
आणि शेपूट
खेकड्यासारखी पोटाला चिकटवून टाकलेली नाही,
शेवंडासारखी मागे पसरलेलीही नाही,
अर्धी घडी करून ठेवलेली,
टोकाचा पंखा आत, वळकटीतल्या उशीसारखा.

पुस्तकातली किल्ली विचारते, मी उत्तर देते.
पायांच्या जोड्या किती?
चिमट्यांची एक, चालायच्या तीन. चार.
दशपादांच्या घरात आठ पाय कसे?
पुन्हा मोजते. चार.

सुपडूभाऊ हात पुसत येतात.
“बाई, हाई दखा.”
ब्रशच्या टोकानं कवचाची कड हलकेच उचलतात.
आत, कल्ल्यांच्या खोलीत,
पाचवी जोडी: सुताएवढी, टोकाला केसांचा कुंचला.
“कल्ले झाडाले ठेयेल शे. बाहेर येतच नई.”

हे मी एम.एस्सी.ला लिहिलं होतं, दोन गुणांसाठी.
पाहिलं आज.

पुढचा प्रश्न. चोच कशी?
रुंद, त्रिकोणी, करवतीच्या दातांची असेल तर गॅलॅथिडी.
डोळे मावळलेले असतील तर म्युनिडॉप्सिडी,
ते बहुतेक अगदी तळातल्या अंधाराचे रहिवासी.
याची चोच दाभणासारखी,
तिच्या दोन बाजूंना, डोळ्यांच्या वर, एकेक काटा. त्रिशूळच.
डोळे मिऱ्याएवढे, अजून काळे.
म्हणजे म्युनिडिडी.

कुळ लागलं. पुढे वाट बंद.
प्रजातीसाठी शृंगिकेच्या बुडाचे काटे मोजावे लागतात,
ते कुठल्या तरी जाळ्यात मोडून राहिलेत.

“मंग एवढ्यावर कागद देता येतो का?”
सुपडूभाऊ माझ्याकडे पाहत नाहीत, चिमटा पुसतायत.
हर्षालीचा दाखला तीन वर्षं पडताळणीत आहे.
पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात नुसतं ‘कोळी’,
आधीचा ‘टोकरे’ हा शब्द मास्तरानं लिहिलाच नाही,
शाई वाचवली की घाईत होता, कोण सांगणार.
समितीनं विचारलं: देव कोणते? लग्नात काय करता? मयतीत?
यांनी सगळं सांगितलं, आठवलं तेवढं.
समिती म्हणाली, लक्षणं जुळत नाहीत.

मी चिठ्ठी लिहायला घेते,
स्पिरिटात न उतरणाऱ्या काळ्या शाईनं.
कुळ: म्युनिडिडी. खेकडा नव्हे. शेवंड नव्हे.
प्रजाती: अनिश्चित.

ते चष्मा कपाळावर सरकवून वाचतात.
“अनिश्चित म्हंजे नापास?”
“म्हणजे अजून कुणी नीट पाहिलं नाही.”
“हं,” म्हणतात. मग थोड्या वेळानं,
“खाले जागा शे. त्या पायेसनं बी लिखा.”

लिहिते.
बूच बसतं. मेण वितळतं, त्याचा वास येतो.
दारात थांबून ते सोमवारची रजा मागतात,
धुळ्याला तारीख आहे.
सोमवारी बरण्या कोण पुसणार,
हे मी विचारत नाही.