रकान्यात न मावलेलं नाव

पहिल्या दिवशी मी विचारलं, नाव?
त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा सांगा.
काँग हुएन तोन नू थी बिक न्यान.
पावतीवर देणगीदाराला जागा दोन इंच.
रास्ता पेठेतल्या आमच्या बालसदनात
एवढं लांब नाव कुणी आणलं नव्हतं,
रावबहादुरांची नातवंडं धरूनही.

त्या हसल्या. म्हणाल्या, यातलं माझं फक्त शेवटचं.
बाकी सगळा हिशेब आहे,
राजापासून मी किती पायऱ्या खाली, त्याचा.
आमच्यात पिढी उतरते तसं नाव वाढतं
आणि ताटातलं कमी होतं.

मी लिहिलं: श्रीमती न्यान. रुपये एक्कावन्न.

मग दर महिन्याच्या सात तारखेला,
प्रभात रोडवरून पीएमटीने,
फ्रेंचच्या शिकवण्यांतले पन्नास पाकिटात
आणि वरचा एक रुपया वेगळा, कागदाच्या पुडीत,
औषध असावं तसा.
पुण्यात कशा आल्या, हे मी विचारलं नाही.
बाकी सगळ्यांनी विचारलं होतं, म्हणून.
कळलं ते तुकड्यातुकड्यांनी:
नवरा डेक्कन कॉलेजात भाषा शिकायला आला,
मागे पासपोर्टावरचा देश गेला,
मग नवराही.
ओंकारेश्वराजवळ दहन झालं.
तिथली नदी पाहून त्या म्हणाल्या होत्या,
आमच्या नदीला वास फुलांचा होता.
एवढी एकच तक्रार.

एकदा दुपारी वीज गेली. पंखा थांबला
आणि त्या आपणहून बोलायला लागल्या.
आजीची मावशी. पंधराव्या वर्षी राजाला दिलेली.
राजाने तिला नीट पाहिलं की नाही, कुणाला ठाऊक.
तो मेला. मग ती त्याच्या समाधीपाशी,
सुरूच्या झाडांत, कमळांच्या तळ्याकाठी,
आणखी चौदाजणींबरोबर.
सकाळी त्याला तोंड धुवायला पाणी.
मग चहा. मग विडा.
हो, विडा आमच्याकडेही असतो, पोंशे.
(पोंक्षे त्यांना कधी जमलं नाही.)
रात्री उशी झटकायची,
जिच्यावर डोकं नाही.
बेचाळीस वर्षं.
पाणी संध्याकाळी जसंच्या तसं ओतून द्यायचं.

मी आठ वर्षांची, ती आंधळी झालेली.
मला जवळ घेऊन तिने विचारलं,
भुकेलं माणूस जेवतं
तेव्हा आवाज कसा होतो गं?

वीज आली. मी शिक्का मारला.
त्यांनी पावती चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली
आणि नेहमीसारख्या जिना न उतरता
जेवणघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.
आम्हाला आजवर वाटायचं, बाई तपासणी करते.
स्वयंपाकीणबाई त्या दिवशी आमटी घट्ट करायच्या.
विश्वस्तांनी तर पाटीच लावली होती:
देणगीदारांनी या दारापलीकडे जाऊ नये. आज्ञेवरून.
त्या पलीकडे कधी गेल्याच नव्हत्या.
मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला नाही,
फोटो काढला नाही,
नाव विचारलं नाही कुणाचं.
डोळे मिटून उंबऱ्याशी दहा मिनिटं.
ताटल्या सरकतात. भुरका. ताई, मला भात.
एक जण रडतो, दुसरा त्याची पोळी पळवतो.
एवढं ऐकून बसस्टॉप.

त्या गेल्या तेव्हा कपाटात एकशे सत्त्याऐंशी पावत्या
आणि पिवळ्या रेशमाचा एक झगा, बाहीला कसर लागलेली.
कुणीतरी सांगितलं, तो रंग तिकडे फक्त राजघराण्याचा.
झालं. विश्वस्तांना एकदम संगमरवर सुचला:
"राजकन्या" मोठ्या अक्षरांत, बाकी काय बसेल ते.
मी म्हटलं, पावतीत राजकन्या नाही.
वीस वर्षांत सभेत पहिल्यांदा बोलले.

शेवटी पूर्ण नावच कोरलं.
पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो;
वरचा फरक मी भरला, पुडीतून.
शेवटच्या शब्दातला काना त्याने खाल्लाय.
पुण्यात ती चूक एकटीला मला दिसते.

ती फरशी जेवणघराच्या दाराशेजारी आहे.
पाटीही आहे अजून, आज्ञेवरून.
बारा वाजत आलेत. मी कॅशबुक मिटते.