तारे चोपडीत असतात

संस्थेचं हिशोबाचं नवं सॉफ्टवेअर
जुन्या सिस्टिमवर चढेना,
म्हणून शिमग्याच्या आदल्या आठवड्यात
दापोलीहून आदनान परकार आला.
हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला,
“मॅडम, काय काय ठेवायचंय ते सांगा.”

बर्फाची बिलं, म्हटलं. डिझेलचा परतावा.
सभासदांची यादी.
आणि ई ड्राइव्हवर ‘जुनी कोटेशन्स’ म्हणून एक फोल्डर आहे,
त्यात कोटेशन्स नाहीत.

त्याने उघडलं. दोन हजार नऊशे सोळा गाणी.
हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

“गाणी जातील. नुसती कॉपी.
पण हे तारे दिलेत ना तुम्ही, एक, तीन, पाच,
ते गाण्यात नसतात.
त्यांची फाइल वेगळी.
गाण्याला पत्ताच नसतो
आपल्याला किती मार्क पडलेत.”

हे मला लगेच कळलं.
अकरा वर्षं हर्णैच्या बंदरावर लिलावाची चोपडी लिहितेय मी.
सुरमईच्या अंगावर कुठे असतो भाव?
वाळूत पाटी उलटते, कोणी मान हलवतो,
मी आकडा टाकते.
चोपडी एकदा लाटेत पडली होती.
मागे राहिली नुसती मासळी,
सगळी सारखीच चकचकीत,
आणि दहा माणसं भांडायला.

त्र्याहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
यूपीएस कोंबडीसारखा ओरडला आणि गप्प झाला.
आम्ही चहा प्यायलो.
आदनान म्हणाला, त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय, मुरुडला.
मी म्हटलं, छान.
दोघंही काळ्या पडद्याकडे बघत होतो.

वीज आली. सिस्टिम नवी झाली,
कोपरे गोल, अक्षरं मोठी.
ती फाइल मात्र उघडेना.

याद्या होत्या, नावानिशी:
‘बर्फ फोडताना’, ‘हिशोब जुळत नाही तेव्हा’,
‘मतलई’, ‘इतक्यात घरी जायचं नाही’.
पण प्रत्येक ओळीपुढे उद्गारचिन्ह.
गाणी डी ड्राइव्हवर राहायला गेली
आणि यादीला जुनाच पत्ता पाठ.
आमचं घर वरच्या आळीत गेलं त्याला चार वर्षं झाली,
लाइटबिल अजून खालच्या दारात पडतं, तसं.

चार वाजेपर्यंत त्याने याद्या जोडून दिल्या,
पैसे घेताना खाली बघत म्हणाला,
“तारे परत द्यावे लागतील. हाताने.”

तो गेल्यावर मी नुसतंच लावलं,
कसंही, कुठूनही.
तिसरंच गाणं ते निघालं.

ते जयेंद्र गुणगुणायचा,
बर्फाच्या लाद्या सरकवताना, निम्मे शब्द चुकवत.
मग एका सोमवारी तो शारजाला बोटीवर गेला
आणि मला ते मंगळवारी, डिझेलवाल्याकडून कळलं.
त्या दिवशी मी गाण्याला एक तारा दिला होता
आणि दोनच्या खालचं काही वाजू नये
अशी सोय करून ठेवली होती.
पुसून टाकलं नव्हतं. तेवढी मी वाईट नाही.

सात वर्षं ते वाजलं नाही.
मधे बासरी आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
दुसऱ्या कडव्यात गाणारीचा श्वास ऐकू येतो.
गाणं वाईट नाही.
म्हणजे, बरं आहे.
गाण्याने काय केलं होतं?

खाली पाच रिकामे ठिपके.
माउस तिसऱ्यावर नेला, चौथ्यावर,
परत बाहेर काढला.
समोर सगळी दोन हजार नऊशे सोळा,
एकाच्याही नावापुढे काही नाही.
कोणाला कितीला घेतलं होतं, कोणी विचारलं तर
मला अर्ध्यांचंही सांगता येणार नाही.

बाहेर बैलगाड्या वाळूत उतरल्या होत्या.
“कुंदाताई, चोपडी!” कोणीतरी ओरडलं.
गाणं चालू ठेवून मी पेन शोधलं.
पहिली पाटी बांगड्याची होती.
बोली तीनशेपासून सुरू झाली.