बसायची वही

आमच्या घरात ‘बसणं’ म्हणजे एकच होतं.
संध्याकाळी बाबा बसायचे
आणि आई आम्हाला घेऊन उभी राहायची
शेजाऱ्यांच्या ओट्यापाशी, बाटली संपेपर्यंत.
म्हणून मार्थाबाई मधाळे जेव्हा म्हणाल्या,
“आज रात्री बसशील का?”
मी आधी नाहीच म्हणालो.

मिरजेत औषधाच्या दुकानात मी रात्रपाळीला,
समोर दवाखान्याचं फाटक.
कवठेमहांकाळ सुटलेलं, हे शहर हाताला न लागलेलं.
त्या साडेनऊला यायच्या,
दर वेळी वेगळ्या नावाची चिठ्ठी घेऊन.
कधी मुलाणी, कधी पाटील, कधी नुसतं ‘बेड अकरा’.
मला वाटायचं, किती हे नातेवाईक एका बाईला!

त्यांच्याकडे शंभर पानी वही होती,
शाळेतल्या पोराची असावी तशी, खाकी कव्हर घातलेली.
डावीकडे आजाऱ्याचं नाव, उजवीकडे बसणाऱ्याचं.
त्या दिवशी उजवीकडे कोरं होतं.
“मला प्रार्थना येत नाही,” मी म्हणालो.
“प्रार्थनेला कुणी बोलावलंय?
खुर्ची ओढ. बस. पाणी मागितलं तर चमच्यानं दे.”

दानिएल आवळे. रेल्वेतले जुने पॉइंटमन.
अर्धं अंग गेलेलं, वाचाही.
पहिल्या रात्री मी मोबाइल बघत बसलो,
बॅटरी संपेपर्यंत.
मग आम्ही दोघंच.
जंक्शनवरून शिट्टी आली
आणि त्यांच्या चांगल्या हाताचं एक बोट वर झालं.
“कोल्हापूर?”
बोट तसंच.
“पुणे?”
तसंच.
“बेळगाव?”
बोट गादीवर टेकलं, हलकेच,
खटका पाडून रूळ बदलावा तसं.

तिन्ही मापांचे रूळ मिरजेत शेजारी निजायचे
त्या काळातला हा माणूस.
आता मी त्याच्या हनुवटीवरचं पाणी टिपायचो
आणि शिट्ट्या ओळखायला शिकायचो.
आधीही वाजतच असणार त्या,
माझ्या दुकानासमोरून, रोज.

रविवारी मागच्या बाकावर.
पाळकसाहेब बागेतली ती रात्र सांगत होते:
त्यानं नुसतं जागं राहा म्हटलं, आणि शिष्य झोपी गेले.
मार्थाबाई माझ्या कानाशी लागल्या,
“झोपले, पण तिथंच झोपले ना?
पळाले ते नंतर.”
पुढच्या बाकावरची बाई वळून बघू लागली.

‘मंडळी’ कुणी बायकोला म्हणतं, कुणी समोरच्या गर्दीला.
इथं मंडळी म्हणजे
कुणाचा डबा कुणाकडे अडकलाय त्यावरून धुसफूस,
आणि सतरंज्या उचलायला
माझंच नाव का घेता, हा माझा त्रागा.
पहिल्यांदा त्रागा केला तेव्हा
कुणी दचकलं नाही. सतरंजीचं दुसरं टोक
कुणीतरी धरलं.

पाऊस सरता सरता दानिएल गेले.
माझ्या पाळीत नाही,
एस्तेर लोंढेच्या, पहाटे सव्वाचारला.
मला एस्तेरचा राग आला.
तिनं तो येऊ दिला. चहा पुढे केला,
म्हणाली, “मालगाडी गेली तेव्हा बोट हललं होतं.”

दिवाळीनंतर मला डेंग्यू.
दोन दिवस खोलीला आतून कडी,
तिसऱ्या दिवसाचं काही आठवत नाही.
डोळे उघडले तेव्हा वॉर्ड, सलाईन,
आणि खुर्चीत मार्थाबाई.
गाढ झोपलेल्या. तोंड उघडं, चष्मा ओघळलेला,
मांडीवर निम्मी निवडलेली मेथी.
वही उपडी, फरशीवर.
नळी सांभाळत मी वाकलो.
डावीकडे माझं नाव,
आडनावातली वेलांटी चुकलेली.
उजवीकडे सहा जण.
त्यातल्या दोघांना मी ओळखतही नाही.

लांबून शिट्टी आली.
मी बोट वर केलं.
हुबळी, बहुतेक.
त्यांना उठवलं नाही.