काशाची वाटी

गोळीबार चौकात माझं मेडिकल आहे,
बारा बाय आठ, वर टपकणारा एसी,
आणि फ्रेममध्ये मी : डी. फार्म., केस असतानाचा.

सोमवारी शटर गुडघ्याएवढं वर गेलं
की खालून आधी हातच आत येतो :
"पोट जळून राह्यलं बापा, काही दे."
रविवारच्या सावजीचं बिल
सोमवारी माझ्याकडे फाडलं जातं.

गिऱ्हाईक गोळी घेतं, सुट्टे मोजतं, पायरी उतरतं
आणि चप्पल घालून झाल्यावर
मागे वळून, जरा हळू :
"अन् घरी काही करता येईन काय?"

मग मी सांगतो.
दाढेत लवंग धर, उद्या मात्र दाखवून ये.
घसा बसला तर मिठाच्या गुळण्या, फोनवर बोलणं कमी.
हिंग बाळाच्या बेंबीभोवती, बेंबीत नाही.
मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या पोराला बोटभरही नको.
भाजलं तर टूथपेस्ट फासू नका हो,
नळाखाली धरा, चांगली वीस मिनिटं.
इथे येऊन ती बाई हसते.
"वीस मिनिटं नळ? पाचपावलीत?"
आणि मीही हसतो, कारण माझ्याही घरी
ड्रमातलंच पाणी आहे.

मागच्या बोळीतली बयनाबाई हेडाऊ
माझ्याकडून औषध घेत नाही.
महिन्यातून एकदा खोबरेल, सगळ्यात लहान बाटली,
तीही वहीवर लिहायला लावते.
काउंटरवर कोपर टेकून रॅक बघते, खालून वर, मागाकडे बघावं तशी,
कुठे धागा तुटलाय का.
"इतक्या गोळ्या तुह्या दुकानात,
अन् तुह्याच डोळ्याखाली काळं काहून?"

नवतप्याचा चौथा दिवस.
लाइट सकाळपासून गेलेली,
इन्सुलिनचा बर्फ वितळत होता म्हणून
मी भर एक वाजता स्कूटर काढली, इतवारीतून लादी आणली.
इन्सुलिन वाचलं.
मी पायरीवर बसलो तो बसलोच.

ओआरएस प्यालो होतो. मान भिजवली होती.
थर्मामीटर मीच लावला, मीच वाचला.
पुस्तकात होतं ते सगळं झालं होतं
आणि तळपाय तरीही निखाऱ्यावर.

कोणी सांगितलं तिला, माहीत नाही.
आली, पदरातून वाटी काढली,
काशाची, काठाला एक पोचा,
आणि माझे पाय उचलून सरळ मांडीवर घेतले.
"अहो नको," मी म्हणालो.
"चूप बस."

चव्वेचाळीस वर्षांचा मी.
जोड्यांच्या दुकानातला पोरगा सोडला
तर माझ्या तळव्याला कित्येक वर्षांत
कोणाचा हात लागला नव्हता.

वाटी फिरत राहिली.
टाचेपासून बोटांकडे, पुन्हा टाचेकडे,
एका लयीत, धोटा जावा आणि यावा.
माग विकून नऊ वर्षं झाली,
तळहातावरचे घट्टे मात्र तिने विकले नव्हते.

हळूहळू तेल काळं झालं, काजळासारखं.
तिने बोट माझ्या नाकासमोर धरलं :
"पाह्य, केवढी उष्णता निंगाली!"

काशात तांबं असतं,
घासलं की धातू उतरतो, तेल काळं पडतं,
थंडगार माणसाच्या पायावरही पडेल.
हे मला येतं. ओठांपर्यंत आलंही.
"हो ना," मी म्हणालो. "केवढी!"

ऊन भिंतीवर चढून गेलं तेव्हा
तिने वाटी पदराला पुसली,
पायरीला धरून, दोनदा थांबून, उठली,
चप्पल घातली,
आणि मागे वळून, जरा हळू :

"गुडघ्याले एखादी गोळी हाय काय रे तुह्याकडं?"